जोडीदार नसलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना समानार्थी शब्दकोश आहे. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी ऐट काय विचारता! कुणी एक शब्द मागावा आणि मी चार हातात ठेवावेत. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या एका ताईंनी मला घरी आणलं. त्या मला इतक्या वेळा उघडत, की माझी शिवण दोनदा नव्याने घालावी लागली. मग घरात संगणक आला आणि त्याचा पडदा जरा उंच व्हावा म्हणून मला त्याखाली सरकवलं. तिथे मी कित्येक वर्षं पालथा पडून होतो.

एके दिवशी ताईंच्या वहिनी आल्या. त्या एका संशोधन प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी घरच्या घरी पाणी तपासायची नळी तयार केली होती. नळीत पाणी आणि सोबतची पूड घालायची आणि ती दिवसभर उबेला ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात जंतू आहेत, ते पिण्याजोगं नाही.

"अगं, आमची माहितीपत्रिका कुणाला कळतच नाही. जरा सोपी करून दे ना."

"द्या इकडे. तुमचे शब्द वाचताना जिभेला गाठ बसते, वहिनी!" ताई हसल्या. त्यांनी भराभर शब्द बदलले. 'नळी निर्जंतुक करा' होतं, तिथे 'नळी स्वच्छ करा' आलं.

वहिनींनी ती पत्रिका, एक नळी आणि उकळून गार केलेलं पाणी खालच्या शिंपीकाकांना दिलं. हे पाणी काळं पडायचं काही कारणच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी काका नळी घेऊन वर आले, तर आत डांबरासारखं काळं!

वहिनींचा चेहरा उतरला. "परवा नळ्या शाळांना वाटायच्या आहेत. चांगल्या पाण्यालाही वाईट म्हणणारी नळी कुणाला देऊ मी? काका, तुम्ही पत्रिकेप्रमाणेच केलंत ना?"

"अगदी तस्संच! नळाखाली धुतली, फडक्याने आतून पुसून लख्ख केली."

"फडक्याने?" दोघी एकदम ओरडल्या.

ताईंनी पडदा उचलून मला ओढून काढलं. धूळ उडाली, मला शिंक यायचीच बाकी होती! त्यांनी 'स्वच्छ' काढला. पुढे निर्मळ, साफ, नितळ अशी रांगच. मग 'निर्जंतुक' काढला. तिथे फक्त अर्थ होता, 'ज्यात एकही जंतू जिवंत नाही असे'. पुढे मोकळी जागा.

"वहिनी, याला जोडीदारच नाही हो! मी 'स्वच्छ' लिहिलं आणि काकांनी नळी स्वच्छच केली."

"मग आता काय लिहायचं?"

"शब्द नाही, कृती लिहू." आणि ताईंनी लिहिलं, 'नळी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. बाहेर काढून उलटी धरा, निथळू द्या. आतून पुसू नका.'

काकांनी पुन्हा प्रयोग केला. या वेळी पाणी जसंच्या तसं राहिलं! वहिनींनी टाळ्या पिटल्या, काकांनी शीळ घातली आणि ताईंनी मला छातीशी धरलं. माझं पानन्‌पान फुलून आलं.

नळ्या शाळांमध्ये गेल्या. आठवडाभरात ताईंची लेक धावत आली. "आई, आमच्या शाळेच्या टाकीचं पाणी काळं झालं! बाईंनी टाकी लगेच बंद केली. आता घासून काढणार आहेत." आदल्या दिवसापर्यंत ती त्याच टाकीचं पाणी पीत होती. ताईंनी तिला घट्ट जवळ घेतलं.

वहिनींनी मला मागून नेलं, आता माझा मुक्काम त्यांच्या प्रयोगशाळेत आहे, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी! मित्रांनो, मला हवं तितकं उघडा, शब्द खुशाल बदला. फक्त बदलण्याआधी एवढं डोळ्यांसमोर आणा, की तो शब्द वाचून कुणाचे तरी हात कामाला लागणार आहेत.