ओळखीची सही

लाल कागदाची चकती, कडेला दाते.

हरेशच्या सुकापूरच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाटी.

कायदा मंत्रालयाचं काम काय?

हौसाआत्याचा डावा गुडघा.

"कामोठ्याला जा आत्या," वकील हरेश मढवी म्हणाला. "तिथे एक नोटरी आहेत. चांगले आहेत."

पनवेलच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली त्याचं टेबल. हौसाआत्या त्याच्याच गावची. नवरा गेला, विजेचा मीटर स्वतःच्या नावावर करायचा होता. त्याचं प्रतिज्ञापत्र हरेशने टाइप करून दिलं होतं. राहिला होता नोटरीचा शिक्का.

"कामोठं? ह्या गुडघ्यानं? तूच मार की."

"माझ्याकडे नाही शिक्का."

"मंग कोनाकडं हाय?"

हरेशने फायलीत डोकं घातलं. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळच्या टेबलावर समीक्षा घरत शिक्के मारत होती. परवापर्यंत त्याची ज्युनिअर. ठप्प. तिच्यापुढे रांग. ठप्प. रांगेतले निम्मे त्याचेच पक्षकार.

नोटरी व्हायला दोघांनी दिल्लीच्या कायदा मंत्रालयाकडे अर्ज केला होता. मुलाखत एकाच दिवशी. आमच्या मंत्रालयाचं काम काय, असं विचारल्यावर हरेश ताठ बसून म्हणाला, "न्याय देणं." समोरचे साहेब नुसते हसले. समीक्षाने सांगितलं, न्याय कोर्ट देतं. मंत्रालय कायद्यांचे मसुदे करतं, सरकारला सल्ला देतं, नोटरी नेमतं. तिला नेमलं. हरेशने तोवर 'नोटरी, भारत सरकार' अशी पाटीही रंगवून घेतली होती. पेंटरला दोनदा अक्षरं मोठी करायला लावून.

"ए पोरी," हौसाआत्याने परस्पर शेजारी हाक मारली, "तुज्याकडं हाय ना शिक्का? ह्यो मला कामोठ्याला धाडतोय."

समीक्षाने हरेशकडे पाहिलं. हरेशने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"बसा आत्या," ती म्हणाली. "सर, ओळखीची सही लागेल."

शिक्का मारायचा, तर प्रतिज्ञापत्र करणाऱ्या माणसाला ओळखणाऱ्या वकिलाची सही आधी हवी.

"शिक्का तुझा. तूच बघ."

"मी नाही ना ओळखत त्यांना. तुम्ही ओळखता."

"मी तं ह्याला उघडा-नागडा खाडीत डुंबताना बगलाय," आत्या म्हणाली. "आता म्हन, वलखत नाय."

रांग हसली. हरेश उठला. तिच्या टेबलाशी वाकून, उभ्या उभ्याच त्याने सही केली. समीक्षाने लाल चकती चिकटवली, शिक्का दाबला. जांभळं वर्तुळ त्याच्या नावाच्या शेपटावर चढलं.

"थँक्यू, सर."

"पुढचा कोण आहे?" हरेश म्हणाला. त्याच्यापुढे कोणीच नव्हतं.

आत्या कागद वाळवत, एक पाय ओढत फाटकाकडे निघाली.

मुलाखतीला हरेशचा नंबर आधी होता. बाहेर आल्यावर त्याने गळ्यातला वकिलीचा पांढरा बँड सोडून समीक्षाला दिला, कारण ती आपला घरी विसरली होती. आणि आत काय विचारतात, तेही सांगितलं.