हायड्रोजन धाकट्याचा, ऑक्सिजन दादाचा

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांच्या हसण्याची सोय करायची आणि संध्याकाळी एका माणसापुरता स्वयंपाक करायचा, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

अंधार पडला की तो गच्चीवर दुर्बीण लावी. रस्त्यावरच्या दिव्यांनी आकाश पांढुरकं झालेलं असे, पण त्यामुळे त्याचं अडत नसे. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर हायड्रोजनचा तेवढा लाल प्रकाश आत घेई, बाकीच्याला वाटेला लावी. दहा-दहा मिनिटांचे शंभरावर फोटो एकावर एक चढवले, की ताऱ्यांमधल्या वायूचा ढग, तेजोमेघ, उमटे. पण अर्धाच. ऑक्सिजनचा निळसर उजेड फारच फिका, त्याला गडद आकाश लागतं. तसं आकाश गावाबाहेर राहणाऱ्या दादाकडे होतं. म्हणून भावांनी वाटणी केली होती: हायड्रोजन धाकट्याचा, ऑक्सिजन दादाचा.

मग आई आजारी पडली. दादाने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा हा म्हणाला, हातातलं काम संपवून येतो. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादाने दारातच विचारलं, "झाल्या का कवळ्या?"

त्यानंतर सहा वर्षं अबोला.

या वर्षी हायड्रोजनचं काम पुरं झालं, तेव्हा त्याने दादाला दोन ओळींची मेल केली. खुशाली विचारायचा धीर झाला नाही. ऑक्सिजनचे फोटो आहेत का, एवढंच लिहिलं. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला. काचबिंदूने ह्यांची नजर गेली, वर्ष झालं, असं तिने सांगितलं. मेल तिनेच वाचून दाखवली होती. फोटो कुठे ठेवलेत ते दादाने तिला तोंडपाठ सांगितलं होतं.

फोटो आले. त्यांवरच्या तारखा त्याने पुन्हा पुन्हा पाहिल्या. अबोला धरल्यावरही चार वर्षं दादा फोटो काढत राहिला होता.

रविवारी दुपारी त्याने ताऱ्यावर तारा जुळवत दोघांचे फोटो एकत्र केले आणि फोन लावला. वहिनीने तो दादाच्या हातात दिला.

"समोर आहे?" दादाने विचारलं.

"हो."

"मग सांग."

दातांच्या पांढऱ्याच्या सोळा छटा त्याला एका नजरेत ओळखता येत, पण या निळ्याला शब्द सापडेना. "गॅस बारीक केल्यावर ज्योत दिसते ना, तसा निळा. लाल रंगाच्या कडेकडेने."

"डावीकडची कमान?"

"आलीय. अखंड."

"मला तुटकच दिसायची."

"दादा, तेव्हा मी यायला हवं होतं."

"हवं होतं," दादा म्हणाला. थोड्या वेळाने फोन ठेवला गेला.

आता दर रविवारी तो फोन करतो. दादा एखादा कोपरा विचारतो, हा तिथे काय आहे ते सांगतो. दुसरा विषय दोघंही काढत नाहीत. फोन झाला की तो पुढच्या रविवारसाठी चित्रातला न सांगितलेला कोपरा शोधत बसतो.