हातभर खोल

डॉक्टर पंचशीला आमच्या रानातली माती न्यायला आल्या, तेव्हा अप्पांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, हातांत निळे मोजे, तोंडावर मास्क. त्यांच्या प्रयोगशाळेतला श्रीशैल लोखंडी नळी खांद्यावर घेऊन मागे उभा होता.

"मातीच न्यायची तर एवढं सोंग कशाला, डॉक्टरीणबाई? माझ्या रानात साप न्हाई."

"साप असता तर बरं झालं असतं, काका. तो दिसतो तरी."

अप्पा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

आई श्रावणात गेली, लातूरच्या दवाखान्यात. त्याआधी ताप आणि खोकला घेऊन ती दोन ठिकाणी फिरली होती आणि क्षयाच्या गोळ्या खात होती. लातूरला तिच्या रक्तात मेलिऑइडोसिसचा जंतू सापडला, पण तोवर तिला बोलताही येत नव्हतं. हा जंतू ओल्या मातीत राहतो आणि पायाच्या भेगेतून आत शिरतो. साखरेचा आजार असलेल्या माणसाला तो सोडत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. आईला साखर होती. अप्पांनाही आहे, आणि त्यांच्या टाचा उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या फुटलेल्या आहेत. एवढ्याचसाठी मी नांदेडच्या कॉलेजातून रजा घेऊन गावी राहिले होते. अप्पांना या मातीपासून लांब ठेवायचं होतं.

आमच्यात मृताला माती देतात. विहिरीजवळ आई भाजी लावायची, त्याच वाफ्यात पुरुषभर खोल खड्डा घेऊन तिला बसवलं होतं. मांडी घालून, अंगाला विभूती, तळहातावर इष्टलिंग. वर नुसती माती. बाकी रानात सोयाबीन उभं होतं.

श्रीशैलने रानात ठिकठिकाणी नळी दाबून माती काढली. समाधीपाशी येऊन तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"घ्या की," अप्पा म्हणाले. "तिनं कुणाला कधी न्हाई म्हणलंय?"

ते स्वतः चप्पल काढून पुढे गेले. त्यांनी पावलानेच वरचं गवत बाजूला सारलं आणि जागा दाखवली. ओली काळी माती त्यांच्या बोटांमधून वर आली. डॉक्टरांनी ते पाहिलं.

"काका, तुम्ही इथं अनवाणी येता?"

"रोज सकाळी."

"बूट घालून येत जा. मी देते आणून."

"चप्पल घालून देवळात जाता का तुम्ही?"

"मी देवळातच जात नाही, काका."

"मग तुमाला सांगून काय उपयोग!" अप्पा म्हणाले, आणि तेवढ्यावर ते बोलणं संपलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हाला लातूरला बोलावून घेतलं. त्यांची खोली लहान होती आणि पलीकडे काचेच्या भिंतीआड प्रयोगशाळा होती. डॉक्टर जपून बोलत होत्या. आमच्या रानात तो जंतू फक्त एकाच ठिकाणी मिळाला होता, समाधीपाशी. आईच्या रक्तातला आणि तिथला एकच निघाला.

"म्हणजे आई तिथं भाजी लावायची, तेव्हाच तो तिच्यात गेला?" मी विचारलं.

"असू शकतं."

"की तिच्यातून मातीत आला?"

"एवढ्या खोलवरून वर येणं अवघड आहे. पण ताई, नक्की काय झालं ते मी सांगू शकत नाही."

अप्पा काहीतरी विचारणार होते. तेवढ्यात श्रीशैलने दार ढकललं. आम्ही कोण बसलोय हे त्याने पाहिलंच नाही.

"मॅडम, महानंदाबाई आज छान वाढल्यात. नव्या प्लेटवर घेऊ का? जुन्यात आता खायला काही उरलं नाही त्यांना."

महानंदा हे आईचं नाव. श्रीशैलने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. डॉक्टर घाईने सांगू लागल्या की नमुन्यांना नंबर असतात, पण नंबर कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मुलं पेशंटच्या नावाने बोलतात. चूक झाली, माफ करा.

"दाखवता का?" अप्पा म्हणाले.

काचेपलीकडून श्रीशैलने एक बंद बशी उचलून धरली. तीत जांभळे, सुरकुतलेले ठिपके होते, उन्हात वाळलेल्या फुलांसारखे. अप्पा काचेला कपाळ टेकवून बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली, की ते बाहीने पुसायचे.

परतीची एसटी निलंग्याला आली. अप्पा म्हणाले, "मंजू, नळी किती खाली गेली होती गं?"

"हातभर."

"आन् तिला आपण पुरुषभर खाली बसवली." ते खिडकीबाहेर पाहत होते. "वर यायलीय."

"अप्पा, तो जंतू आहे. आईला मारणारा."

"मला खुळा समजतीस का? जंतू हाय ते कळतंय मला." मग ते म्हणाले, "पन तिचं नाव घेऊन त्याला जेवायला घालायलेत."

दुसऱ्या दिवसापासून ते उजाडायच्या आत रानात जाऊ लागले. मी मागे जाऊन बांधावर उभी राहायची. ते समाधीच्या कडेला अनवाणी उभे असायचे आणि बोलायचे. सोयाबीनला लागलेल्या अळीबद्दल, शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल. मध्येच थांबायचे. समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो, तेवढंच. मग "हाव, हाव" म्हणून पुढे सांगायला लागायचे. त्या थांबण्यात मीही नकळत कान द्यायला लागले होते. ते माझ्या लक्षात आलं, त्या सकाळी मी बांधावरून मागे फिरले.

मी डॉक्टरांनी पाठवलेले बूट त्यांच्यासमोर ठेवले.

"साखर आहे तुम्हाला. एवढं एक ऐका माझं."

"बूट घालून गेलो तर मी आलो हे तिला कळंल कसं?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. "ती म्हणती, पाय टेकलं की ऊब लागती."

मी शहाबादी फरशा मागवल्या. समाधीभोवती आणि वर त्या बसवायच्या, म्हणजे त्यांना हवं तेवढं अनवाणी उभं राहता येईल आणि चिखल लागणार नाही. माणसं लावली तर अप्पा भांडतील, म्हणून ते बांधापलीकडे चहा पीत बसलेले असताना मी स्वतः ते बूट चढवले आणि एक लहान फरशी ओढत वाफ्यात नेली.

समाधीवर बूट घालून पाय दिला, तेव्हा मनात मी तिची माफी मागितली. फरशी आडवी टाकली आणि तिच्यावर उभी राहून ती दाबली.

खालची माती खचली. फरशी एका बाजूला कलली आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. खालून एक आवाज आला. खूप वेळ बसलेलं माणूस जागा बदलताना सोडतं, तसा सुस्कारा. पावसानंतर माती बसते, आत पोकळी राहते, तिच्यातली हवा बाहेर येते, हे मला माहीत आहे. पण पाय निघत नव्हता. बुटाला खालून काहीतरी घट्ट धरून होतं.

मी ओरडले नाही, असं मला वाटतं. अप्पा म्हणतात, मी "आई" म्हणून हाक मारली.

ते धावत आले. चप्पल बांधावरच सुटली. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते माझ्या पायाभोवतीची माती उकरू लागले, आणि उकरताना खाली तोंड करून म्हणत होते, "सोड गं तिला. पोरगी हाय आपली. सोड."

पाय सुटला. बूट आतच राहिला. अप्पांच्या टाचेला फरशीची कड लागून भेग उघडली होती आणि रक्त मातीत मिसळत होतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. "साबणाने धुवा, भरपूर पाण्याने, आणि लगेच लातूरला घेऊन या," त्या म्हणाल्या. "गोळ्या आजच सुरू करू. ताप आला तर एक तासही थांबायचं नाही." ताप येईल का, असं मी विचारलं. "आधी पाय धुवा," त्या म्हणाल्या.

विहिरीवरची मोटर चालू करून मी अप्पांना दगडावर बसवलं आणि पाय माझ्या मांडीवर घेतला. साबण लावला, ब्रशने घासला, पुन्हा लावला. वरची माती गेली, रक्त थांबलं. पण भेगांच्या तळाशी काळी रेघ राहत होती. ब्रशचे केस तिथवर पोचत नव्हते.

अप्पांनी पाय हळूच मागे ओढला.

"राहू दे गं तेवढं," ते म्हणाले.

मी पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला. ते नको म्हणत राहिले आणि मी घासत राहिले.