भिंतीवर चढलेलं माझं वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे. मला अकरा पायऱ्या आणि दोन पाय. त्यांतला एक चार बोटं आखूड. जन्मापासून नव्हे हं! अहमदपूरच्या नागप्पा पेंटरांनी मला हौसेने बांधून घेतलं, तेव्हा मी ताठ उभी राहत असे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या बोलक्या भिंती, सगळं त्यांनी माझ्यावर चढूनच रंगवलं. लोक त्यांच्या अक्षराची तारीफ करत, आणि त्यातली निम्मी मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेई.

मग एका गावात भिंतीखाली ओटा आला. माझा एक पाय ओट्यावर, दुसरा जमिनीवर. नागप्पांनी काय करावं? करवत काढली आणि ओट्यावरचा पाय कापला! त्या भिंतीपुरती मी झकास उभी राहिले. पुढची भिंत मात्र सपाट जमिनीवर होती. तेव्हापासून मी डुगडुगू लागले. पाय कापला त्यांनी आणि नावं ठेवली मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मागच्या महिन्यात शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत काम निघालं. भिंतीवर शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्यात उपयोग लिहायचा होता. पाच शब्द झाले आणि मी जरा जास्तच हलले. रंगाचा डबा सांडला. नागप्पा ओरडले, "आता एकदा हालली की चुलीतच घालतो हिला!" माझ्या काळजाचं पाणी झालं.

सहावा शब्द होता 'डळमळीत'. घ्या! नागप्पांनी वर चढून अर्थ लिहिला: स्थिर नसलेला, पक्का आधार नसलेला. वाक्य मात्र अडलं. पंचशीला मॅडमनी चौथीच्या मुलांना विचारलं.

"माझा दात डळमळीत झाला," हरिओम म्हणाला.

मॅडम हसल्या. "दात हलतो म्हणावं रे. डळमळीत पाया असतो, खुर्ची असते, कधी माणसाचा विश्वाससुद्धा असतो."

ते ऐकायला नागप्पा वरूनच वाकले आणि मी कलले. संपलं, आता चूल!

"काका, शिडी हालून राहिली! धरा रे सगळे!" धम्मप्रिया नावाची मुलगी धावली. तिच्यामागे अख्खा वर्ग आला. इवले इवले हात माझ्या दोन्ही पायांना बिलगले. कुणीतरी झाडाच्या आळ्याची वीट आणून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी स्थिर झाले. मला रडूच आलं असतं.

"मॅडम, घावलं वाक्य!" धम्मप्रिया म्हणाली. "शिडी डळमळीत होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी धरली."

"हाव पोरी, हेच लिवतो," नागप्पा म्हणाले, आणि निळ्या रंगात तेच लिहिलं. खाली उतरल्यावर ते माझ्या पायाशी बसले. "पाय तर म्याच कापला व्हता हिचा," ते हळूच म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी माझ्या पायाला लाकडाचा ठोकळा बसवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही काहीतरी डुगडुगत असेल. ते टाकून देण्याआधी एकदा खाली वाकून त्याचा पाय बघा.

परवा आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. आता मी तसूभरही हलत नाही. पण नागप्पा पहिल्या पायरीवर चढले मात्र, सगळा वर्ग धावत आला आणि मला घट्ट धरून उभा राहिला. गरज नव्हती, पण तो आधार मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेतला.