मी, सगळ्यांच्या मागची

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. अंगाने आडमाप, वजनाला भारी आणि स्वभावाने जराशी ताठ. हलकं होणं मला कधी जमलं नाही आणि खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केला नाही.

कारखान्यात माझ्या नळ्या जोडणाऱ्या कारागिराने मला जमिनीवर आपटून पाहिलं आणि म्हणाला, "हिला काही होत नाही." ते शब्द मी अजून जपले आहेत. मग बरीच वर्षं मी एका बेकरीचा माल घरोघर पोचवला. पुढे बेकरीवाल्याने टेम्पो घेतला आणि मी मागच्या भिंतीला टेकून गंजत बसले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! माझ्या कॅरियरवर ओली पोती वाळत घालायचे. त्या दिवसांची मला आजही चीड येते.

तिथून मला बाहेर काढलं ते फोरमनकाकांनी. ते नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी गावात सायकल क्लब काढला होता. त्यांनी मला घासूनपुसून, तेलपाणी करून उभं केलं. पंप, पंक्चरचं सामान, मलमपट्टीचा डबा असं सगळं माझ्या कॅरियरवर बांधलं आणि नियम घालून दिला. दर रविवारच्या फेरीत मी काकांना घेऊन सगळ्यांच्या मागे चालायचं. कोणी कितीही हळू चालवो, त्याला ओलांडायचं नाही. आणि मुक्कामावर माझी घंटा वाजल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. क्लबातली हलक्याफुलक्या सायकलींवरची मंडळी मला म्हैस म्हणतात. म्हणू देत! पोटात कावळे ओरडायला लागले की तीच मंडळी रस्त्याकडे डोळे लावून म्हशीची वाट बघतात.

माझ्या पुढे बहुतेक वेळा एकच सायकल असे, सिस्टरची. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. आठवडाभर वॉर्डात उभं राहून तिचे पाय भरून आलेले असत, त्यात अंगाने थोराड. चढ आला की ती उतरून चालू लागे आणि काका व मी मुकाट मागून जात असू. तिला कोणी हसत नसे. पण ती दिसताच सगळ्यांचे हात डब्यांकडे वळत आणि तिची मान खाली जाई.

वर्षातली सगळ्यात लांब फेरी दीपगृहापर्यंतची. त्या सकाळी निघतानाच ती म्हणाली, "काका, ही माझी शेवटची फेरी. माझ्यापायी एवढी माणसं उपाशी ताटकळतात. लाजेने मेल्यासारखं होतं मला. पुढच्या रविवारपासून मी नाही यायची."

काकांनी माझ्या कॅरियरची दोरी उगाच पुन्हा आवळली. समजूत घालणं आम्हा दोघांनाही येत नाही. पण मला फार वाईट वाटलं.

किनाऱ्याच्या रस्त्यावर समोरून वारा सुटला. बाकीचे केव्हाच दिसेनासे झाले होते. दीपगृह नजरेच्या टप्प्यात आलं आणि काका एकदम ओरडले. त्यांच्या पोटरीत गोळा आला होता. मी आडवी झाले, काका रस्त्याच्या कडेला बसले. सिस्टरने मागे वळून पाहिलं, आपली सायकल स्टँडला लावली आणि धावत आली. होय, धावत! तिने काकांचा पाय सरळ केला, तळवा वर रेटून धरला, पोटरी चोळली. खालमानेची ती बाई कुठल्या कुठे गेली होती.

"आता माझी सायकल घ्या," ती म्हणाली. "बुटकी आहे, टांग टाकावी लागत नाही. गिअर हलका ठेवा आणि सावकाश चला."

"आणि ही?"

"हिला मी आणते."

"तसं नाही चालायचं. आजवर माझ्या मागे कोणी राहिलेलं नाही."

"मग मी राहते की! मला सवय आहे."

"अगं, पण फार जड आहे ती."

"रोज पेशंट उचलते मी. उगाच वाद घालू नका, निघा."

फोरमनकाकांना गप्प करणारं माणूस क्लबाला अखेर सापडलं.

ती माझ्यावर बसली. आधी डगमगली, मग तिला माझी चाल सापडली. माझं वजन एकदा पळायला लागलं की वाऱ्यालाही दाद देत नाही. पुढे काका कण्हत कण्हत पायडल मारत होते. तिला त्यांना सहज मागे टाकता आलं असतं. पण काका थांबले की ती थांबे. शेवटी तेच वैतागले, "अगं, जा ना पुढे!"

"मागच्या सायकलीनं पुढे जायचं नसतं. नियम तुमचाच आहे ना?"

काका दीपगृहाशी पोचले तशी मंडळी उठली. पण घंटा कुठे वाजली होती? डबे बंदच राहिले. मग आम्ही वळणावर आलो आणि सिस्टरने माझी घंटा अशी वाजवली, की तशी ती बेकरीच्या दिवसांतही कधी वाजली नव्हती. काकांनी आपल्या डब्याचं झाकण काढलं आणि तो सगळ्यांच्या आधी तिच्यापुढे धरला. तिची मान ताठ होती. माझ्या टायरांत हवा होती तेवढीच होती, पण मला मात्र फुगल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी ती आली. आता काका तिची बुटकी सायकल चालवतात आणि मी तिच्याकडे राहते.

मित्रांनो, घरात एखादी जुनी सायकल असेल तर तिच्या साखळीला तेल द्या, चाकांत हवा भरा. आणि चारचौघं मिळून कुठे निघालात, तर जो रेंगाळेल त्याच्या पाठीशी एक खंबीर माणूस ठेवा. मागे राहणं हेही काम आहे आणि ते येरागबाळ्याला जमत नाही.

परवा आम्ही फेरीहून परतलो तेव्हा सिस्टरच्या मुलीने दारातच विचारलं, "आई, आज कितवी आलीस गं?"

"शेवटची!" सिस्टर म्हणाली, आणि तेही वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.