खळीच्या गंजाने घेतलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे आणि माझा एका माणसावर राग आहे. गंज म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यात भात शिजवायचं उभं भांडं. लोखंडाला चढतो तो गंज निराळा; त्याच्याशी आमचं येणंजाणं नाही.

माझा जन्म भंडाऱ्यात झाला. घडताना हातोडीचे इतके ठोके खाल्ले की माझ्या अंगी सहनशीलता यायला हवी होती. ती काही आली नाही. पुष्पाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा आंदणातून मी भय्याजींच्या घरी पोचलो. भय्याजी म्हणजे अड्याळजवळच्या आमच्या गावचे सरपंच. त्या घरात मी वर्षानुवर्षं भात शिजवला. पाहुणे म्हणायचे, "भात लई मोकळा झाला वो!" श्रेय पुष्पाबाईंना मिळायचं. ते मी मनात धरून ठेवलं.

मग पवनीच्या बाजारात स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही, एवढ्या एका गुणावर त्याने माझी जागा घेतली. मला कोठीत टाकलं. तिथे कुणीतरी माझ्यात खिळे ठेवले, नंतर माझ्यावर पोतं ठेवलं, आणि एक दिवस माझ्या बुडाला भोक पडलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी क्षमा केली असती. खरं म्हणजे नसती केली, पण विचार केला असता. भय्याजींनी ते भोक लाखेने बुजवलं, माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी आपलं नाव कोरून घेतलं आणि हार घालून मला गावच्या बालवाडीला दान दिलं. गळकं भांडं दान देऊन वर भाषण! भाषण चालू होतं तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

बालवाडीच्या बाई होत्या देवकाबाई. भंडाऱ्याच्या प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की शरद ऋतूत मुलांनी गळलेली पानं गोळा करून कागदावर चिकटवावीत. देवकाबाई गावात आल्या आणि झाडांकडे बघत बसल्या. आमच्याकडची झाडं होळीच्या सुमाराला पानं टाकतात. शरदात ती कुणाचंही ऐकत नाहीत. शेवटी बाईंना दसऱ्याचं सोनं आठवलं. आदल्या दिवशी माणसं मिठ्या मारून आपट्याची पानं देतात आणि दुसऱ्या दिवशी तेच सोनं खराट्याने झाडतात. मुलांनी घरोघरचं सोनं गोळा केलं. सोबत झेंडूच्या पाकळ्या, कापूस आणि धानाच्या लोंब्या.

चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ. ती देवकाबाई चुलीवर दुसऱ्या भांड्यात शिजवायच्या आणि थंड करून माझ्यात ओतायच्या, कारण गरम खळ लागली की लाख वितळते. मुलांना त्यांचा एकच नियम होता.

"खळ दिसली का पान लावाचं. सुकू द्याची नाही. समजलं?"

"हाव बाई!"

मुलं फार आज्ञाधारक होती. खळ दिसेल तिथे पान लावायची. पाटीवर, भिंतीवर, एकदा बकरीवर. बकरी ते पान खाण्यासाठी दुपारभर स्वतःभोवती फिरत होती.

आता मूळ गोष्ट. दरवर्षी हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला आला की भय्याजी बालवाडीची खोली रिकामी करायला लावत आणि आपली पोती तिथे रचत. मग आया मुलांना शेतावर नेत आणि बांधावर बसवून कापणी करत. मागच्या साली चार वर्षांच्या सत्यभामेच्या बोटाला विळा लागला होता. यंदाही भय्याजी दारात उभे राहिले.

"देवकाबाई, खोली खाली करा. पोते येऊन राहिले माहे."

"लेकरं कुठं नेऊ भय्याजी? त्या सत्यभामेचं बोट..."

"बोट हाये ना अजून? मंग?"

"शुक्रवारी साहेब येऊन राहिले पंचायत समितीचे. त्यायले लेकरायचं काम पाहू द्या. ते म्हणतीन तसं करू."

"पाहू द्या. पानं चिकटवाले खोली कायले लागते? झाडावर चिकटलेलेच असतेत ते!"

स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. मी मोजून ठेवत होतो.

शुक्रवार आला. घाईघाईत देवकाबाईंनी खळ गरमच माझ्यात ओतली आणि मुलांना चटका नको म्हणून मला उंच कोनाड्यात ठेवलं. मुलं कागदावर म्हातारा माणूस चिकटवायला शिकत होती: कापसाच्या मिशा, झेंडूचे गाल, सोन्याचा अंगरखा. जेवून भय्याजी आले आणि नेमके कोनाड्याखालच्या खुर्चीवर बसले.

"तुमी सडकेवर जा बाई, साहेबाले आणा. पोट्ट्यायकडे मी पाहतो," ते म्हणाले. पोटात तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा आणि नवा भात होता. बाईंचं पाऊल बाहेर पडलं आणि हे घोरू लागले.

मित्रांनो, लाख मऊ झाली होती. धरून ठेवायची की सोडायची, हे माझ्यावर होतं. खळ कोमट होईपर्यंत मी धरली. मला सूड घ्यायचा होता, भाजायचं नव्हतं. मग सोडली.

खळ भोकातून कोनाड्याच्या कडेवरून हळूहळू टोपीवर आली, कपाळावरून मिशीत गेली आणि पोटावर स्थिरावली. मुलांनी पाहिलं.

"खळ!" सत्यभामा म्हणाली. "सुकू द्याची नाही!"

मुलं कामाला लागली. इतकं मनापासून केलेलं काम मी पुन्हा पाहिलं नाही. टोपीवर लोंब्या, पोटावर सोनं, मिशीला कापूस, एका पापणीवर झेंडू. देवकाबाई साहेबांना घेऊन आत आल्या आणि दारातच थिजल्या.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "हा पुतळा कुणी केला?"

"आमी. थांबा, नाक रायलं," सत्यभामा म्हणाली आणि तिने नाक पुरं केलं.

पुतळा शिंकला. "कोन हाये रे?"

"भय्याजी, तुम्ही?" साहेब चकित झाले. "मुलांसाठी स्वतः बसलात?"

भय्याजींनी उघड्या डोळ्याने खोली पाहिली. मुलं सोपवलेली असताना आपण झोपलो होतो, हे साहेबांपुढे कबूल करायचं, नाहीतर दुसरं काहीतरी सांगायचं होतं.

"हाव साहेब," ते म्हणाले. "लेकरं म्हणे हालू नोका. म्हून हाललो नाही."

"असा सरपंच तालुक्यात नसेल! म्हणजे ही खोली बारा महिने मुलांचीच ना?"

देवकाबाई दम न घेता म्हणाल्या, "तेच म्हणत होते ते साहेब! धानाचे पोते म्हणे मी माह्याच घरी ठेवीन."

भय्याजींचं तोंड उघडलं. मिशीतला कापूस आत गेला.

"हाव," ते म्हणाले.

साहेबांनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. भय्याजी घरी निघाले तेव्हा टोपीवरच्या लोंब्यांमुळे गावभरच्या कोंबड्या त्यांच्या मागे चालल्या. पोती घरात आली, स्टीलची भांडी पोत्यांमागे गाडली गेली, आणि संक्रांतीपर्यंत ते अंगणात पत्रावळीवर जेवले. मुलं मात्र खोलीत होती. सत्यभामेची दहाही बोटं खळीने भरलेली असायची आणि मला ती फार आवडायची.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती. भांड्यांना जपा. पितळ चिंचेने घासा, कल्हई वेळेवर करा, आणि देणारच असाल तर धड भांडं द्या. यातलं काहीच जमत नसेल, तर निदान आमच्याखाली झोपू नका.