मापाची बंदूक

मणी दिसता कामा नये... पण दिसत होता. नळीच्या टोकावर बसवलेला पितळी मणी, मोहरीपेक्षा जरासा मोठा, त्यावर खिडकीतून आलेला नोव्हेंबरचा उजेड पडून त्याचा एक पिवळा ठिपका झालेला, आणि त्या ठिपक्याच्या पलीकडे, चार पावलांवर, भिंतीला पाठ लावून उभा असलेला म्हातारा क्लेमंट गॉफ. आपल्या उजव्या डोळ्याखाली तर्जनी टेकवून तो सांगत होता, "मण्याकडे काय बघतोस? मी इकडे आहे. माझ्या डोळ्यात बघ."

ह्यू प्रोसरनं बंदूक खाली घेतली.

"जमत नाहीये," तो म्हणाला.

"जमेल. मण्याकडे बघणारा माणूस पाखराच्या मागे मारतो. पाखराकडे बघायचं, बंदूक आपोआप तिथं जाते. जात नसेल तर माप चुकलं. ते बघायलाच तर मी इथं उभा आहे लेका, माझा चेहरा सुंदर आहे म्हणून नाही."

ती खरी बंदूक नव्हती. म्हणजे बंदूकच होती, पण तिच्या आतल्या, काडतुसावर आपटणाऱ्या सुया काढून टाकलेल्या होत्या आणि दस्त्याला बिजागऱ्या आणि स्क्रू होते, की माणसाच्या खांद्याप्रमाणे, गालाप्रमाणे, मानेप्रमाणे तो लांब-आखूड करता यावा, डावी-उजवीकडे वाकवता यावा. गॉफ तिला मापाची बंदूक म्हणायचा. सुरुवातीलाच त्यानं ती मोडून, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली पाडून, दोन्ही नळ्यांतून आरपार दिसणारी खिडकी ह्यूला दाखवली होती, मग ह्यूला स्वतःची बोटं आत घालून बघायला लावलं होतं, आणि मग पुन्हा एकदा खिडकी दाखवली होती. चाळीस वर्षं हा माणूस रोज कुणाला ना कुणाला आपल्या डोळ्यावर नेम धरायला सांगत आला होता. आणि तरीसुद्धा... कुणावरही नळी रोखायची नाही, रिकामी असली तरी नाही, मोडलेली असली तरी नाही, हे ज्याला चालता येण्याआधी शिकवलेलं, त्याचा हात जड होणारच.

की हात जड झाल्याचं दुसरंच काही कारण होतं? ह्यूनं तो विचार बाजूला सारला. तो आठवडाभर विचार बाजूला सारत होता.

खिशात तक्ता होता. घडी घातलेला, सहा आठवडे खपून केलेला. नदीच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजणारा माणूस बंदूक घेतानाही मोजूनच घेणार. अकरा बंदुका, एकीखाली एक. समोर वजन, नळ्यांची लांबी, तोल कुठे पडतो, धक्का किती बसतो. त्याला एकच बंदूक हवी होती, सगळ्याला पुरणारी: उन्हाळ्यात क्लबात मातीच्या तबकड्या उडवायला, कापणी झालेल्या शेतात कबुतरांवर, आणि हिवाळ्यात शिकारीच्या रांगेत उभं राहून फेझंट पाखरांवर. उत्तरही आलं होतं. बारा बोअर, वर-खाली नळ्यांची, तीस इंची, साडेसात पौंडांच्या आसपास, नळीचं तोंड आवळणाऱ्या नळकांड्या बदलता येणारी. फार हलकी असली तर शंभराव्या तबकडीला खांदा सुजतो, फार जड असली तर टेकडी चढताना जीव जातो. याहून वेगळं उत्तर कुणी सिद्ध करून दाखवावं.

गॉफनं तक्ता चष्मा वर करून वाचला होता. "बायको करतानाही असा तक्ता केला होतास?"

"नव्हता केला. म्हणून तर गेली सोडून."

"हं," गॉफ म्हणाला होता, "आणि आयव्हरची बंदूक माझ्या कपाटात पडून आहे, ती नाही बसत तुझ्या तक्त्यात?"

आयव्हर म्हणजे ह्यूचे वडील. मार्चमध्ये गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, म्हणून त्यांची जुनी दुनळी, शेजारी-शेजारी नळ्यांची, गॉफच्या लोखंडी कपाटात येऊन पडली होती. ह्यूनं ती त्या दिवसापासून पाहिली नव्हती. सगळ्याला पुरणारी एकच बंदूक... म्हणजे दुसरी लागणार नाही, आणि ही दुसरी बंदूक कोणती, हे तक्त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"ती नको," एवढंच तो म्हणाला होता.

परवा शनिवारी टेकडीखालच्या लार्चच्या रानात मोसमातली पहिली शिकार होती. लेन बीवनचा स्वतः फोन आला होता. "रांगेतली तुझ्या बापाची जागा, त्याचा खुंटा, रिकामा आहे. तू ये. माझ्या डावीकडेच आहे तो. डावीकडचं मला दिसत नाही, तिकडे ओळखीचं माणूस असलं की बरं वाटतं." आणि ह्यू येतो म्हणाला होता, कारण त्यानं ठरवलं होतं की रांगेत उभं राहण्याआधी बीवनला एक वाक्य सांगायचं. दोन शब्दांचं. पाखरू नव्हतं.

...पंचवीस वर्षांपूर्वीची तीच लार्चची झाडं, पानं झडून गेलेली, आणि आतून काठ्यांचा टकटक आवाज, पाखरं उठवणाऱ्या हाकाऱ्यांचा. आठ खुंटे, आठ माणसं. मी एकवीस वर्षांचा, नाताळच्या सुट्टीत घरी आलेला, वडलांच्या मागे दोन पावलांवर काडतुसांची पिशवी धरून. फेझंट उंच येत होते, वडील मारत होते, नळ्या मोडत होते, मी काडतुसं देत होतो, आणि मग वडील ओरडले, "वुडकॉक!" ...आता हे पाखरू असं आहे की ते झाडांच्या बुंध्यांमधून, माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून, पाखरासारखं न उडता फेकलेल्या चिंधीसारखं जातं, आवाज न करता, आणि ते दिसलं की शहाण्यासुरत्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. रांगेतला जुना विनोदच आहे: वुडकॉक म्हणून कुणी ओरडलं की आधी पालथं पडायचं आणि मग विचार करायचा. सगळे वाकले. बीवन वाकला नाही. तो आवाजाच्या दिशेनं वळला. आणि वडलांच्या नळ्या उजवीकडे आडव्या फिरल्या, रांगेतून, जिथून त्या कधीही, कशासाठीही फिरायच्या नसतात, आणि बार झाला.

मी त्यांच्या खांद्यामागून नळ्यांच्या बरोबरीनं बघत होतो. लार्चचे बुंधे पाहिले, करडं गवत पाहिलं, बीवनची टोपी पाहिली. पाखरू नव्हतं.

"पाहिलंस ना तू? खालून गेलं," वडील म्हणाले होते. बीवन गुडघ्यावर बसलेला, हात चेहऱ्यावर. "हो," मी म्हणालो. रांगेच्या कप्तानानं विचारलं, तेव्हाही हो. कुणी पुढे काही विचारलं नाही. वुडकॉक म्हटल्यावर काय विचारायचं? वडलांनी बंदूक रिकामी केली, म्यानात घातली आणि कुणी सांगायच्या आत पायी घरी गेले. रांगेतून नळी फिरवणाऱ्यानं असंच जायचं असतं. तीन वर्षांनी बीवननंच त्यांना परत बोलावलं.

पंचवीस वर्षं ह्यूनं वडलांच्या त्या बाराचं कारण शोधलं. बांधाचं भांडण नव्हतं. आईचा विषय नव्हता. तोही त्यानं तपासला, स्वतःची लाज वाटत असताना तपासला. दोघं शाळेपासूनचे मित्र. कारण सापडलं असतं तर वडलांना एक आकार आला असता. ते सापडलं नाही, आणि घरात जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, त्या माणसाकडे बघायचं म्हणजे बिनतळाच्या विहिरीत वाकून बघायचं.

"सरळ उभा राहा," गॉफ म्हणाला. त्यानं दस्त्याचे स्क्रू फिरवले, गालाशी बोट घालून पाहिलं, मागे गेला, पुढे आला, फूटपट्टी लावली. लांबी. वरून दोन ठिकाणी उतार. बाहेरच्या बाजूला बाक. एका कोऱ्या कार्डावर चार आकडे लिहिले आणि मग तो जरा वेळ त्या आकड्यांकडेच बघत राहिला. भिंतीशी लाकडी खण होते, आडनावांच्या अक्षरांचे. त्यातला एक ओढून त्यानं एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि नव्याशेजारी टेबलावर ठेवलं.

"बघ."

चारही आकडे तेच होते. इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत.

"तुझा बाप तुझ्याएवढा असतानाचं आहे. बाप-लेकांची मापं जवळ येतात, पण हे... म्हणजे त्याची बंदूक तुला जशीच्या तशी बसणार. वाया घालवतोयस बघ."

ह्यूनं स्वतःला समजावलं: चार आकडे म्हणजे चार स्वतंत्र योगायोग नव्हेत. मान लांब तर उतार जास्त, खांदे रुंद तर बाक जास्त. एकच हाडांचा सांगाडा चार जागी मोजला की चारही आकडे एकत्रच येणार. यात आश्चर्य नाही. त्यानं हे मनात पूर्ण वाक्यांत म्हटलं आणि तरी त्याच्या मानेवर, नेमका जिथं उतार मोजला तिथं, कुणीतरी थंड पट्टी टेकवून ठेवल्यासारखं वाटत राहिलं.

"पुन्हा धर. या मापावर."

त्यानं धरली. आणि या वेळी मणी दिसला नाही. नळ्याही दिसल्या नाहीत. खांद्याला काही लागलंय हेसुद्धा कळेना. समोर फक्त गॉफचा डोळा होता, करडा, ओलसर, कडेला पिवळी झाक असलेला, आणि त्या डोळ्याकडे बघताना ह्यूला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण भीती वाटली नाही. उलट लांबून चालून आल्यावर खुर्चीत टेकावं तसं बरं वाटलं, इतकं बरं की आपण इथंच असं उभं राहावं... आणि तेवढ्यात डाव्या कडेनं काहीतरी तपकिरी आलं.

खालून. छातीइतक्या उंचीवरून. आवाज न करता, चिंधीसारखं, लांब चोच खाली झुकवलेलं. ह्यूनं बंदूक फिरवली नाही, बंदूक फिरली. गॉफचा डोळा ओलांडून, खिडकी ओलांडून, बुटांची फळी ओलांडून, थेट दारापर्यंत, आणि त्याच्या बोटाखाली चाप दबला. खट्.

खोली होती तशीच होती. गॉफची तर्जनी अजून डोळ्याखाली होती.

"हे काय होतं रे?"

"तुम्ही... आत काही आलं का? दारातून?"

"दार लावलेलं आहे."

ह्यूनं नळ्या मोडून बंदूक हातावर घेतली. डोळ्याच्या कडेला रंग नीट कळत नाहीत, हालचाल तेवढी कळते. एका जागी फार वेळ टक लावली की कडेचं चित्र विरतं आणि मेंदू ती जागा आपल्याकडचं काहीतरी घालून भरून काढतो. हे सगळं त्याला माहीत होतं. हे सगळं खरं होतं. आणि ते गेलं तेव्हा त्याच्या अंगावरचे आडवे पट्टेसुद्धा त्यानं पाहिले होते.

पुढच्या दुकानातली घंटा वाजली, पावलं आली, आणि नळ्या जिथं जाऊन थांबल्या होत्या त्याच दारात लेन बीवन उभा राहिला. टोपी, भिजलेला कोट, डावा डोळा दुधाळ.

"क्लेम, काडतुसं दे दोन खोकी. अरे, ह्यू! माप चाललंय वाटतं. याच्यापुढं उभं राहायला हिंमत लागते हां, क्लेम. मी एकदा प्रोसरांपुढं उभा राहिलो, अजून निम्मंच बघतो."

"निम्मं बघून कुणापेक्षा कमी मारतोस तू?" गॉफ म्हणाला.

"बंदूकवाल्याला दोन डोळे हवेतच कशाला? एक तर मिटायचाच असतो." स्वतःच्या विनोदावर बीवन खोकेपर्यंत हसला. गॉफ काडतुसं आणायला पुढे गेला. हसणं ओसरलं, आणि बीवननं टोपी काढून हातात घेतली.

"बरं झालं इथंच भेटलास. शनिवारी सगळ्यांत विचारता येणार नाही. आयव्हर आता गेला, त्याला काही लागणार नाही, म्हणून एकदाच विचारतो. तू त्याच्या मागे होतास. होतं का रे पाखरू?"

दोन शब्द तयार होते. गाडीत येताना ह्यूनं ते मोठ्यानं म्हणूनही पाहिले होते. त्यानं तोंड उघडलं.

"मला दिसलं नाही," तो म्हणाला.

बीवन त्याच्याकडे बघत राहिला, चांगल्या डोळ्यानं. "तेव्हा हो म्हणाला होतास."

"हो. खोटं बोललो होतो."

"म्हणजे नव्हतं."

"तसं नाही. मला दिसलं नाही, एवढंच..." इतकं काटेकोर वाक्य तो आयुष्यात कधी बोलला नसेल, आणि ऐकणाऱ्याला ते पळवाटेसारखं वाटणार हेही त्याला कळत होतं. "दहा मिनिटांपूर्वी विचारलं असतंत, तर नव्हतं म्हणालो असतो. शप्पथ."

"आणि आता?"

ह्यूनं हातावरच्या उघड्या नळ्यांकडे पाहिलं. बीवननं हळूहळू टोपी घातली. रागावला की निवळला, ते त्या अर्ध्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. "शनिवारी नऊला," तो जाताना म्हणाला. "ये, नाहीतर नको येऊस. पण आलास तर डावीकडेच. मी जागा बदलणार नाही."

घंटा पुन्हा वाजली. गॉफ परत आला, दोन्ही कार्डं उचलून त्यानं एकावर एक ठेवली. "तर मग? कोणती काढून ठेवू तुझ्या नावानं?"

तक्ता अजून बरोबर होता. एकही आकडा बदललेला नव्हता. पंचवीस वर्षं ह्यूला एक गोष्ट पक्की माहीत होती, की तिथं काही नव्हतं आणि आपल्याला ते नसलेलं नीट दिसलं. आपण आयव्हर प्रोसर नाही, ही सगळी इमारत त्या एका रिकाम्या जागेवर उभी होती. ते दुष्टपणानं झालं, असं तो मानत आला होता, आणि दुष्टपणा आपल्यात नाही याची त्याला खात्री होती, आताही होती. पण मघाशी चाप दाबताना त्याच्या मनात कुणाविषयी काहीच नव्हतं. इतकं स्वच्छ, इतकं निर्मळ...

"सांगतो," तो म्हणाला. "जरा थांबा." आणि त्याच्या लक्षात आलं की बोलताना आपण मान किंचित वळवून धरली आहे, म्हणजे खोलीची डावी कड नजरेत राहील, आणि आपण घाबरलेलो नाही, वाट बघतो आहोत.